कोरा फ्लॅश

महेंद्रच्या उमेदीची सगळी वर्षं दिवा धरण्यात गेली. दिवा म्हणजे लग्नात व्हिडिओवाल्याच्या मागं उभं राहून, हात वर ताणून धरतात तो. नवरी रडायला लागली की दिवा, वऱ्हाड जेवायला बसलं की दिवा, घोड्यावरून उतरताना नवरदेवाचा तोल गेला तर त्याला सावरायच्या आधी दिवा. पलूसच्या नानासोंच्या स्टुडिओत तो दहावीनंतर लागला, तेव्हा त्याला वाटलं होतं की वर्षभर दिवा धरू आणि मग कॅमेरा हातात येईल. कॅमेरा आलाही हातात, पण नानासोंचा. नानासोंचे गुडघे गेल्यावर स्टेजवर चढून फोटो काढायचं काम महेंद्रकडंच आलं, अल्बम लावायचं तर आधीपासून होतंच. अल्बमच्या शेवटच्या पानावर नाव मात्र नानासोंचं. त्यात नानासोंचं काही चुकत होतं असं नाही. मशीन त्यांचं, दुकान त्यांचं, गिऱ्हाईक त्यांचं. महेंद्रचा होता तो फक्त खांदा.

तो खांदाही पस्तिशीत कामातून गेला. दोरीवर शर्ट वाळत घालायला हात वर जाईना. त्याची बायको आम्रपाली अंगणवाडीत कामाला होती. दिवसभर दुसऱ्यांची पोरं सांभाळून घरी यायचं आणि रात्री नवऱ्याच्या खांद्याला तेल चोळायचं, हे तिच्याही अंगवळणी पडलं होतं. चोळता चोळता ती एकदा म्हणाली, की एवढं झिजायचंच आहे तर निदान आपल्या नावावर झिजा. तिनं ते वैतागून म्हटलं होतं, पण त्या दिवसापासून स्वतःच्या कॅमेऱ्यानं महेंद्रच्या डोक्यात घर केलं. शेवटच्या पानावर आपलं नाव असावं, एवढंच त्याला हवं होतं. माणसानं एवढं मागायला हरकत नसावी. पण एवढ्यासाठीही जीव किती मेटाकुटीला येतो, ते बघा.

कॅमेरा कुठला घ्यावा, हे विचारायला गेलं की ज्याचं त्याचं मत तयार. मोबाईलवर हिंदीतून समजावून सांगणारी हुशार मंडळी होती. ती डोंगरात जाऊन पक्षी टिपत, समुद्रकाठी सुंदर पोरी उभ्या करत आणि हातातल्या मशीनची वाहवा करत. महेंद्रला ना पक्षी टिपायचे होते, ना समुद्र. त्याला मे महिन्यातला मांडव टिपायचा होता. वर लाल-पिवळं कापड, त्यातून झिरपणारा उजेड आणि त्या उजेडात सगळ्या वऱ्हाडाची तोंडं कावीळ झाल्यासारखी. अशा मांडवात कुठलं मशीन माणसाचा रंग माणसासारखा दाखवतं, हे काही ती मंडळी सांगत नव्हती. दोन वर्षं महेंद्र जेवताना बघायचा, झोपताना बघायचा, आणि बघून बघून आणखी गोंधळायचा. एकानं सांगितलं, की आता आरशावाल्या मोठ्या कॅमेऱ्यांचे दिवस संपले, बिनआरशाचा मिररलेस घ्या. दुसरा म्हणाला, मिररलेसची बॅटरी अक्षता पडायच्या आत संपते. दोघंही खरंच सांगत होते. पंचाईत तीच होती.

नानासोंनी मात्र मन मोठं केलं. हाताखालचा माणूस निघून जाणार म्हणून त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. खुर्चीत बसून, गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी एकच गोष्ट सांगितली.

“मशीन आसं घे गड्या, की गळ्यात घातल्यावर तू जरा वाकला पायजेस. लोकं फोटू नंतर बगत्यात. आदी मशीन बगत्यात.”

महेंद्र हो म्हणाला आणि ते कानाआड केलं. त्याला वाटलं, हे रोलच्या जमान्यातलं बोलणं आहे.

पैशाची सोय कशी झाली, हा या गोष्टीचा विषय नाही. ती झाली, आणि एकदाच होणार होती, एवढं कळलं तरी पुरे. दोघं नवरा-बायको एसटीनं सांगलीला गेले. दुकानदारानं काचेच्या टेबलावर दोन कॅमेरे मांडले. एक मोठा, आरशाचा, नानासोंच्या मशीनचाच नवा भाऊ. दुसरा बारका, मिररलेस, तळहातात मावेल असा. मोठा उचलल्याबरोबर महेंद्रच्या खांद्यानं त्याला ओळखलं आणि आतून एक कळ आली. बारका उचलला तर हातात काही घेतलंय असं वाटेना. पण नुसतं वजन बघून घ्यायला तो काही वांगी घ्यायला आला नव्हता. त्यानं आम्रपालीला जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात उभं राहायला सांगितलं. तिला लाज वाटली, दुकानात चार माणसं होती. तरी ती पदर सावरून उभी राहिली.

आधी मोठ्यानं काढला, मग बारक्यानं. दोन्हींचे पडदे शेजारी शेजारी ठेवले. मोठ्यातही ती दिसत होती, पण कोपऱ्यातल्या अंधारानं तिचा अर्धा चेहरा खाल्ला होता. बारक्यात ती जशी आहे तशी आली होती. सावळा रंग सावळाच, डोळ्याखालची काळी वर्तुळं तिथल्या तिथं, ओठाच्या कोपऱ्यातला थकवासुद्धा. नानासोंच्या स्टुडिओत महेंद्रनं वर्षानुवर्षं कॉम्प्युटरवर बसून बायाबापड्यांना गोरं केलं होतं. जो अल्बम घ्यायला येई तो म्हणे, जरा उजळ करा. इतक्या तोंडांवरचा रंग पुसल्यावर स्वतःच्या बायकोचा खरा रंग पडद्यावर बघून त्याला गलबलून आलं. आम्रपाली बराच वेळ बघत राहिली.

“येवढी दमल्याली दिसती मी?” ती म्हणाली. मग तीच म्हणाली, “घ्या ह्योच. खरं काढतोय.”

असा तो कॅमेरा आला. तो चांगला होता, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. पुढं जे झालं त्यात त्या बिचाऱ्या कॅमेऱ्याचा काही दोष नाही.

महेंद्रनं नानासोंचा स्टुडिओ सोडला आणि पलूसमध्येच एक छोटा गाळा घेतला. स्वतःच्या नावावरचं पहिलं लग्न मिळालं ते माण तालुक्यातलं, दहिवडीच्या अलीकडच्या एका गावात. मुलीचे चुलते उदयसिंह, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मांडवात पाण्याच्या टँकरपासून आचाऱ्याच्या चुलीपर्यंत सगळीकडं त्यांचीच शिस्त. महेंद्र सकाळीच पोचला, पिशवीतून कॅमेरा काढला, हळदीचं ताट टिपायला लागला. उदयसिंहांनी त्याला दोनदा येता-जाता बघितलं आणि तिसऱ्यांदा जवळ येऊन विचारलं, की फोटोग्राफर कधी येणार आहे. महेंद्र म्हणाला, मीच आहे. त्यांनी त्याच्या हातातल्या मशीनकडं बघितलं, मग त्याच्याकडं, आणि आचाऱ्याकडं निघून गेले.

खरी गंमत अक्षतांना झाली. गंमत असं मी म्हणतो, महेंद्रच्या डोळ्यांत पाणी यायचंच काय ते बाकी राहिलं होतं. आपल्याकडं मंगलाष्टकं सुरू झाली की स्टेजवर चढणाऱ्यांना धरबंध राहत नाही. नवरीच्या मैत्रिणी, नवरदेवाचे दोस्त, फेटे बांधलेले पाव्हणे, सगळ्यांचे हात वर आणि हातात मोबाईल. या गर्दीत फोटोवाल्याला वाट मिळते ती त्याच्या मशीनच्या धाकानं. गळ्यात भलंमोठं धूड दिसलं की माणसं आपोआप म्हणतात, सरका, फोटोवाल्याला येऊ द्या. महेंद्रच्या हातातलं बारकं यंत्र बघून कुणीच सरकलं नाही. तो म्हणत होता, जरा बाजूला व्हा, मी फोटोवाला आहे. एक जण वळून म्हणाला, आमीबी फोटूच काढतोय की.

कोपरांच्या फटीतून त्यानं जे काढलं ते वाईट नव्हतं. अंतरपाट सरकतानाचा नवरीचा चेहरा त्याला सापडला होता आणि असला फोटो नानासोंच्या अख्ख्या हयातीत निघाला नव्हता. पण ते कुणी बघायला मागितलंच नाही. निघताना उदयसिंहांनी नारळ दिला, टोपी दिली, आणि चार पाव्हण्यांसमोर शांतपणे सांगितलं, “पुढच्या टायमाला मशीन घिऊन या.” त्यांच्या भावकीतलं पुढचं लग्न महेंद्रलाच द्यायचं आधी बोलणं झालं होतं. ते दुसऱ्याच एकाला गेलं. त्याचं मशीन, ऐकिवात आलं, चांगलं दणदणीत होतं.

अशी एक-दोन लग्नं झाली आणि महेंद्रनं हात टेकले. इतकी वर्षं लग्नं करूनही त्याला हे कळू नये, याचं आपल्याला नवल वाटेल. पण त्यानं मांडव आतून कधी बघितलाच नव्हता. तो कायम नानासोंच्या धुडाच्या मागं होता आणि वाट आपल्यासाठी नाही, धुडासाठी होते, हे त्याच्या ध्यानात यायचं कारणच नव्हतं. शेवटी तो नानासोंकडं गेला. म्हातारा हसला नाही. कपाटातून जुनं मशीन काढून त्यानं टेबलावर ठेवलं. त्याचं शटर केव्हाच गेलेलं. बटण दाबलं की खटॅक व्हायचं, पण फोटो उमटायचा नाही. बाकी देखणं होतं. पुढं वीतभर लेन्स, डोक्यावर फ्लॅश, रुंद पट्टा.

“गळ्यात आडकीव,” नानासो म्हणाले. “वाट ह्यो देतोय. फोटू तुज्या बारक्यानं काढ.”

आणि मग त्यांनी त्याला रोलच्या काळातली एक हिकमत सांगितली. तेव्हा छत्तीस फोटोंचा रोल असायचा आणि लग्नात येणारा जो तो म्हणायचा, आमचा पण एक काढा. नाही म्हणावं तर पाव्हणा रुसतो, काढावा तर रोल संपतो, आणि तो फोटो न्यायला कुणी येत नाही. मग फोटोवाले काय करायचे, तर फ्लॅशच्या मागचं बारकं बटण अंगठ्यानं दाबायचे. लख्ख उजेड पडायचा. पाव्हणा खूश, रोल शाबूत. त्याला ते कोरा फ्लॅश म्हणायचे. नानासोंनी हे सांगितलं ते लाजून नाही आणि फुशारकीनंही नाही. सुतारानं पटाशी कशी धरायची ते सांगावं, तसं सांगितलं.

महेंद्रला एक दिवस वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं ते मशीन गळ्यात घातलं.

आणि काय सांगावं, जमलं सगळं. लोक सरकायला लागले. बायका पोरांना म्हणायला लागल्या, मागं व्हा रं, फोटोवाला आला. महेंद्र पुढं घुसायचा, मोठं मशीन पोटावर सोडून द्यायचा आणि कमरेचा बारका काढून काम करायचा. लोकांना वाटे, ते बारकं काहीतरी मोठ्याचंच अंग आहे. फोटो सुरेख निघायचे आणि श्रेय मोठ्याला जायचं. त्या हंगामात त्याला एकामागून एक लग्नं मिळाली. पलूस, विटा, पार आटपाडीपर्यंत. अल्बमच्या शेवटच्या पानावर त्याचं नाव छापून आलं, तेव्हा आम्रपालीनं ते पान मोबाईलवर काढून माहेरी पाठवलं.

फक्त खांदा परत दुखायला लागला. ज्या वजनातून सुटायला त्यानं बारका कॅमेरा निवडला होता, तेच वजन आता बिनकामाचं गळ्यात लोंबत होतं. आणि हळूहळू कोऱ्या फ्लॅशचीही सवय लागली. आता रोल नव्हता, फोटो हवे तेवढे निघाले असते. पण नंतर त्यांची निवड करायची, रंग बघायचे, आणि ज्यांचं बिल कुणी देणार नाही अशा पाव्हण्यांसाठी डोळे फोडायचे. शिवाय बारक्याच्या बॅटरीचं भय. ती पाठवणीपर्यंत पुरवायची असायची. मग कुणी आडवं आलं, आमचा एक काढा म्हणालं, की महेंद्र मोठं मशीन डोळ्याला लावायचा, अंगठा दाबायचा आणि पुढं व्हायचा. पुढं पुढं तर तो त्यातच विसावा घ्यायला शिकला. त्या मेलेल्या मशीनच्या भिंगातून माणसं अजून नीट दिसायची, आरसा शाबूत होता. पण बघायचं कशाला. मशीन तोंडासमोर धरलं की आतला डोळा क्षणभर मिटून घ्यायचा. समोरच्याला पत्ता लागायचा नाही. भर मांडवात डोळा मिटायला तेवढीच एक जागा होती.

आटपाडीचं लग्न उन्हाळ्याच्या अगदी टोकाला होतं. ज्ञानू नावाच्या माणसाच्या मुलाचं. आदल्या संध्याकाळी हळद, रात्री उशिरापर्यंत नाचगाणं, सकाळी लवकर देवक, आणि मधे झोप अशी नाहीच. अक्षता पडल्या, स्टेजवरचे फोटो संपले, तेव्हा महेंद्रच्या डोळ्यांची आग होत होती आणि पाठीला शर्ट चिकटला होता. पाठवणीला अवकाश होता. जेवणाच्या पंगतीकडं जाताना पाण्याच्या जारपाशी एका म्हातारीनं त्याची बाही धरली. तिला यायला उशीर झाला होता, एसटी मधेच कुठंतरी बंद पडली होती, त्यामुळं स्टेजवरच्या फोटोत ती आली नव्हती.

“बाबा, आमा दोगी भैनींचा येक फटू काढ की.”

दुसरी बहीण शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेली. ती ज्ञानूची आई, रंगूबाई, म्हणजे नवरदेवाची आजी. बाही धरणारी तिची धाकटी बहीण मनुबाई, कुंडलची. जवळ उभी असलेली एक पोरगी म्हणाली, आज्जी, मी काढते मोबाईलवर. मनुबाईनं तिला उडवून लावलं. मोबाईलमधला फोटो मोबाईलमध्येच मरतो, म्हणाली, मला मोठ्या मशीनचा पाहिजे, कागदावर. पोरगी पंगतीकडं निघून गेली आणि मनुबाईनं रंगूबाईला हाताला धरून खुर्चीतून उठवलं.

महेंद्रनं मशीन डोळ्याला लावलं आणि डोळा मिटला. किती गार वाटलं त्याला. अंगठा दाबला, उजेड पडला. झाला बघा आज्जी, असं म्हणून तो पंगतीला जाऊन बसला. कमरेचा कॅमेरा काढायला, डोळा उघडायला एक श्वास पुरला असता. पण माणूस एकदा दमला की तो श्वाससुद्धा राखून ठेवतो. त्याचा राग करावा असं वाटतं, आणि करवतही नाही.

अल्बम गेला. ज्ञानूला फार आवडला. पुढं दिवाळी झाली आणि थंडीत एके दिवशी ज्ञानूचा फोन आला, आई गेली म्हणून. महेंद्रला वाटलं, भिंतीवर लावायला मोठा फोटो पाहिजे असेल. तो त्यांनी अल्बममधून आधीच करून घेतला होता. फोन वेगळ्या कामाचा होता. कुंडलच्या मावशीचा आणि आईचा दोघींचा एक फोटो काढला होता, तो अल्बममध्ये नाही. मावशी सारखी विचारते आहे. ती स्वतःच येईल न्यायला, तेवढा काढून ठेवा.

फोन ठेवला तेव्हा महेंद्रला सगळं आठवलं, जार, खुर्ची, बाही. तरी त्यानं कॉम्प्युटर उघडून त्या लग्नाचा एकूण एक फोटो बघितला. नसलेला फोटो शोधण्यात त्याचा अख्खा दिवस गेला. रंगूबाई स्टेजवर नातवाशेजारी होती, ठसठशीत, हसरी. मनुबाई एकाच फोटोत सापडली, पंगतीच्या कडेला, पदरानं वारा घेत. मग त्यानं तेच केलं जे त्याला उत्तम येत होतं. नानासोंच्या स्टुडिओत त्यानं मेलेल्या बापांना नवरदेवांच्या शेजारी उभं केलं होतं, आखातात असलेल्या भावांना मुंडावळ्यांच्या मागं आणलं होतं. दोन म्हाताऱ्या एकत्र आणणं त्याला काय अवघड. सावल्या जुळवल्या, मागं मांडवाचं कापड आणलं, मनुबाईला थोडी उजळ केली. कागदावर छापलं, लॅमिनेशन केलं. आम्रपालीनं बघितलं आणि चांगला झालाय म्हणाली. तिला तो खराच वाटला. महेंद्रनं तो टेबलाच्या खणात ठेवला.

मनुबाई आली ती एकटीच, दुपारच्या उन्हात. गाळ्याच्या पायऱ्या चढून आली, खुर्चीत बसली, पाणी प्यायली. महेंद्रचा हात खणावर होता. तेवढ्यात ती आपणहूनच बोलायला लागली. त्या दोघींची आई गेल्यावर तिच्या बोरमाळेवरून बहिणींचं वाजलं होतं आणि त्यानंतर त्या बोलल्या नव्हत्या. पोरांची लग्नं झाली, नातवंडं झाली, एकीच्या दारात दुसरी गेली नाही. बोरमाळ शेवटी भावाच्या बायकोनं मोडून टाकली, ती कुणालाच मिळाली नाही. मग ह्या लग्नाला रंगूबाईनं ज्ञानूला स्वतः पत्रिका घेऊन कुंडलला पाठवलं, म्हणून ती गेली होती. भांडणानंतरची तीच भेट पहिली आणि तीच शेवटची.

“उबी ऱ्हायली तवा तिनं माजा हात धरला,” मनुबाई म्हणाली. “वड्यातनं जाताना बारकंपणी धरायची तसा. गच्च. त्यो हात आलाय न्हवं फटूत?”

खणातल्या फोटोत दोघींचे हात आपापल्या अंगाला होते. महेंद्रनं खणावरचा हात काढून घेतला. आत्तासुद्धा तो म्हणू शकला असता, की हात मागं गेला, दिसत नाही. म्हातारीची नजर अधू, तिनं मानलंही असतं. पण ती त्याच्याकडं अशी बघत होती, की त्याच्यानं ते झालं नाही. दमून दमून माणसाकडं खोटं बोलायचंसुद्धा बळ उरत नाही, तसं त्याचं झालं असेल. किंवा त्याला खरंच लाज वाटली असेल. मला वाटतं, दोन्ही.

“आज्जी, त्यो फोटू निगालाच न्हाई,” तो म्हणाला. “त्ये मोठं मशीन बंद हाय. मी नुस्ता उजेड पाडला.”

तिला आधी कळलंच नाही. त्यानं परत सांगितलं. मग त्यानं ते मशीन आणून तिच्या पुढ्यात ठेवलं, जसं काही ते बघून तिला पटणार होतं. मनुबाईनं त्याच्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. कोरा फ्लॅश, रोलचा जमाना, नानासो, यातलं काही तिला सांगण्यात अर्थ नव्हता, आणि महेंद्रनं सांगितलंही नाही.

“आसू दे,” ती म्हणाली. “मशीन बंद आसंल. तू तर बगितलं आसशील की. डोळ्याला लावलं हुतंस. कशा दिसत हुतो आमी दोगी?”

महेंद्रनं तिच्याकडं बघितलं. त्या दोघींना एकत्र उभ्या, हातात हात घेतलेल्या, समोरून बघायची संधी मांडवात एकालाच मिळाली होती. बाकीचे जेवत होते.

“मी डोळा मिटला हुता, आज्जी,” तो म्हणाला. “लय दमलो हुतो.”

मनुबाई रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. तिनं मान हलवली, जणू हे उत्तर तिला ओळखीचं होतं.

“तीबी लय दमली हुती,” ती म्हणाली. “खुर्चीवरनं उटवत नव्हतं तिला. ऱ्हाऊ दे मनू, बसू दे जरा, म्हणत हुती. मीच वढून उबी केली. फटूसाटी.”

आणि मग ती रडायला लागली. आवाज न करता, पदर तोंडाला लावून. महेंद्रनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. तिनं तो घेतला नाही. बाहेर रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला. मग महेंद्रला काहीतरी करावंसं वाटलं. त्यानं कमरेचा बारका कॅमेरा सोडवला आणि म्हणाला, की निदान तुमचा एक काढतो आज्जी, ह्यो खरा हाय, ह्याच्यात खरं दिसतं.

“माज्या एकटीचा काय करायचाय,” मनुबाई म्हणाली.

तिनं डोळे पुसले, पिशवी उचलली आणि उठली. गाळ्याच्या पायऱ्या उंच होत्या. महेंद्रनं पुढं होऊन हात दिला. तिनं तो धरला नाही. भिंतीला धरून, एक एक पायरी करत ती खाली उतरली आणि स्टँडच्या बाजूला चालायला लागली.